चिठ्ठीचा चित्रपट, मागच्या बाजूने

कापसाचा हंगाम लागला की चिखलीतल्या कडुनिंबांना पांढरी फुलं येतात. ती झाडाची नसतात. सरकी काढणाऱ्या जिनकडे जाणाऱ्या गाड्यांमधून उडालेला कापूस डहाळ्यांना अडकतो आणि पुढच्या वाऱ्यापर्यंत तिथेच राहतो. यंदाही तो अडकला आहे. आणि यंदा, नेमक्या याच आठवड्यात, एकाच शुक्रवारी दोन मोठे चित्रपट लागले आहेत. एकात फौजा आणि आग आहे, दुसऱ्यात एक घर आणि त्यातली माणसं. दोन्हींना गर्दी आहे. पुरवणीच्या संपादकांचा फोन आला. त्यांना तुलना हवी होती. कोणता मोठा, कोणता जिंकला, शक्यतो आकड्यांसह.

आकडे देणार नाही, असं त्यांना सांगितलं. नोकरीभर बातम्यांत आकडे घातले. पावसाचे, पिकांचे, मतांचे, अपघातातल्या जखमींचे. त्या आकड्यांबद्दल तक्रार नाही. दोन चित्रपटांमध्ये मोठा कोणता हे मात्र गर्दी मोजून कळतं, यावर माझा विश्वास उरलेला नाही. तो कुठे आणि कसा गेला हे मला नक्की ठाऊक आहे. चिखलीच्या बाजाराच्या मैदानात, एका हंगामात, दोन तंबूंच्या मध्ये. तो हंगाम इथे मांडतो. जिंकलं कोण तेही सांगतो. ज्यांना पटणार नाही त्यांच्यासाठी पुरवणीला इतर पानं आहेत.

राज्य नवं होतं. थोड्याच वर्षांत आमच्या जिल्ह्याने तीन राज्यं पाहिली होती, आणि कचेऱ्यांवरच्या पाट्यांचा रंग अजून वाळायचा होता. मी पंचविशीत होतो, एका प्रादेशिक दैनिकाचा चिखलीचा वार्ताहर. बातमी लिहायची, पाकीट चिकटवायचं, एसटी स्टँडवर जाऊन ओळखीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचं. ते दुसऱ्या दिवशी छापून यायचं, किंवा यायचं नाही. कापसाचे भाव हमखास छापून यायचे. चित्रपटावर ओळभर लिहायला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्या वर्षी लिहिलं, कारण दुसरी बातमीच नव्हती. साऱ्या तालुक्याला एवढाच विषय होता.

फिरते तंबू दरवर्षी यायचे. पावसाळा संपून जमीन टणक झाली की एक तंबू यायचा, चार-सहा आठवडे राहायचा, मग पुढच्या बाजाराच्या गावी जायचा. त्या वर्षी मात्र दोन आले. एक खानदेशातून, एक अकोल्याकडून. दोघांनी परवानगीचे कागद दाखवले आणि मैदानाच्या दोन टोकांना खांब रोवले. मधे एवढंच अंतर की एका तंबूतल्या माणसाला खोकला आला तर दुसऱ्यातल्याला कळावं.

अकोल्याच्या तंबूत आला तो रंगीत, हिंदी. राजवाडा, हत्ती, बगावत, आणि हिरव्या दगडाची नथ घातलेली एक राणी. चिखलीने त्याचं मूळ नाव पहिल्याच दिवशी टाकून दिलं आणि त्याला तलवारीचा शिनिमा म्हणायला सुरुवात केली. खानदेशच्या तंबूत आला तो मराठी, काळा-पांढरा. तीन खोल्या, एक विहीर, एक सून. तिचा नवरा फौजेत, दूर. त्याची पत्रं येतात, आणि तिला वाचता येत नसल्याने धाकटा दीर ती वाचून दाखवतो, स्वतःच्या सोयीने बदलून. भावाने जमीन माझ्या नावावर करायला लिहिलंय, असं सांगतो. शेवटी सून लपूनछपून अक्षरं शिकते, आणि एक पत्र ती स्वतः उघडते. हा झाला चिठ्ठीचा शिनिमा.

दुपारी दोन्ही तंबूंचे टांगे गावातून फिरायचे. टांग्यावर कर्णा, कर्ण्यामागे बोलणारा माणूस. जिनच्या चौकात दोघं समोरासमोर आले की घोडे थांबायचे आणि माणसं जुंपायची.

"तिकडं जासान तं रडत येसान! इकडं या, मुंडके उडताना पाहा!"

"मुंडके पाहाले कसायाकडं जा ना बे! इकडं घरच्या बायकाइले घेऊन या!"

लोक टाळ्या पिटायचे आणि दोन्हीकडे जायचे. तलवारीच्या तंबूला गर्दी जास्त होती, हे निर्विवाद आहे. पोरं चहाच्या टपरीवर एकमेकांना जहाँपनाह म्हणून हाक मारत. एका अडत्याने कापसाच्या ढिगावर उभं राहून बादशहाचं भाषण म्हणून दाखवलं. चिठ्ठीच्या तंबूतून बाहेर पडणारे कमी बोलत. तो चित्रपट शांत होता आणि शेजारचा नव्हता. सून विहिरीच्या काठावर एकटी बसलेली असताना पलीकडून घोडे दौडत. ती चुलीपाशी डोळे पुसत असताना तलवारींचा खणखणाट येई. ज्यांनी तो चित्रपट चिखलीत पाहिला त्यांच्या आठवणीत तिच्या घरामागे कुठेतरी लढाई चाललेली आहे. दिग्दर्शकाला हे माहीत असण्याचं कारण नाही. मला ते आवडलं होतं. नवरा लढाईवरच होता.

तंबूची रचना आजच्या वाचकाला सांगायला हवी. पडदा तंबूच्या मधोमध टांगलेला असे, पातळ कापडाचा. यंत्राच्या बाजूला पुरुष बसत. पडद्याच्या मागे, कापडाच्या दुसऱ्या अंगाला, बायका. त्यांचं दार वेगळं, तंबूच्या पाठीमागून. चित्र कापडातून आरपार दिसे, थोडं फिकट आणि उलटं. डावं ते उजवं. बायका आईच्या मांडीवर होत्या तेव्हापासून चित्रपट तसेच पाहत आल्या होत्या. शिनिमातली माणसं डावखुरी असतात, ही त्यांच्या दृष्टीने साधी माहिती होती, जशी साहेब लोक काट्याने जेवतात ही.

"देवाले हळद डाव्या हातानं वाहते बाई," हे वाक्य मी भाजीबाजारात ऐकलं. "मुंबईले तसंच असन."

"आन् पदर भलत्याच खांद्यावर. लाज ना शरम."

हे ऐकून मी हसलो होतो. वार्ताहर हसतो आणि टिपून घेतो. टिपून घेतल्यावर विचार करायला हवा होता, तो केला नाही.

चिठ्ठीच्या चित्रपटाचा शेवट असा होता. सून पत्र उघडते आणि पडदाभर पत्रच येतं. वळणदार मराठी अक्षरं, सात ओळी. संगीत थांबतं. कोणी वाचून दाखवत नाही. ज्याला वाचता येतं त्याने वाचावं. पत्रात नवरा लिहितो की मी खुशाल आहे, उन्हाळ्यात सुट्टीवर येतो, जमीन तुझ्या नावावर करण्याचा कागद सोबत आहे, धाकट्यावर विश्वास ठेवू नकोस. मग सुनेचा चेहरा, ती रडते, आणि संपलं. पुरुषांच्या बाजूला त्या सात ओळींना मोठी कुजबूज उठे. वाचता येणारे पुटपुटत आणि न येणारे त्यांना कोपर मारत, "काय लिवलं बे? काय लिवलं?"

मी बातमी दिली. दोन तंबू, दोन चित्रपट, गर्दी कुठे किती. एका वाक्यात लिहिलं, "अखेरचे पत्र वाचून महिला प्रेक्षकांना आनंदाश्रू आवरत नाहीत." रडण्याचा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला होता, तंबूत, कापडापलीकडून. बातमी छापून आली.

छापून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मालतीबाई तो अंक घेऊन आल्या. त्या चिखलीच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका. शाळा सुटली की दुपारी तीन ते पाच गावाबाहेर मळ्यांच्या वस्तीत जाऊन मारुतीच्या देवळात बायकांचा साक्षरतेचा वर्ग घ्यायच्या. सायकलवर जायच्या, आणि त्याबद्दल गावाने जे म्हणायचं ते म्हणून झालं होतं. त्यांनी अंक माझ्या टेबलावर ठेवला आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं.

"आनंदाश्रू?" त्या म्हणाल्या. "अहो, त्यांनी त्या नवऱ्याला मारून टाकलाय."

मला कळलं नाही.

"मागून पत्र वाचता येत नाही. उलटं दिसतं. पत्र आलं, सून रडली, संपलं. याचा अर्थ काय निघेल? मेला. माझ्या वस्तीतल्या सगळ्या बायका सांगतायत की तो मेला. तुम्ही एकदा तरी मागून पाहिलंत का?"

पुरुषाला मागच्या बाजूला जाता येत नव्हतं. पण विचारता आलं असतं. ते मी केलं नव्हतं. पत्रकारितेत याला एकच नाव आहे, आणि ते म्हणजे चूक.

पुढचे चार दिवस मी फक्त ऐकत हिंडलो. चिखलीत घरोघरी भांडणं लागली होती. पुरुषांचा चित्रपट सुखाने संपत होता, बायकांचा वैधव्याने, आणि दोघांनी एकाच संध्याकाळी एकाच तंबूत एकच कापड पाहिलं होतं.

"मेला नाई वं, जित्ता हाये. उन्हायात येतो म्हनते."

"तुमी काय सांगता मले? म्या माह्या डोयानं पाह्यलं, कशी रडे बिचारी."

"अवं, खुशीनं रडे."

"खुशीनं असं रडते काय कोनी? तुमी गेलते काय कधी सासुरवासाले?"

या वादावर लोक हसत. मीही पुन्हा हसलो असतो. पण मालतीबाई नुसती चूक दाखवायला आलेल्या नव्हत्या. त्यांच्या वर्गातली सर्वांत हुशार बाई वर्गातून काढली गेली होती.

तिचं नाव अनसूया. वांगी आणि कोथिंबीर लावणारं घर, विहिरीखालचा दीड एकर मळा. सासू कासाबाई बाजारात भाजी विकायची, आणि घर तीच चालवायची. किसना, अनसूयेचा नवरा, आईच्या शब्दाबाहेर नव्हता. कासाबाईने तीन महिने सुनेला वर्गाला जाऊ दिलं होतं. कसं दिलं हे मालतीबाईंनाच ठाऊक. मग दोघी चिठ्ठीचा चित्रपट पाहायला गेल्या. पडदाभर अक्षरं आली तेव्हा कासाबाई अंधारात मोठ्याने म्हणाली, "वाच."

अनसूया पाहत राहिली. एकही अक्षर ओळखीचं नव्हतं.

"वाच ना वं. तीन महिने झाले जाऊन राह्यली. चुलीवरची भाजी करपवून जाते. काय लिवलं ते सांग."

"नाई येत, मामीजी," अनसूया सासूला म्हणाली.

"काऊन नाई येत?"

आजूबाजूच्या बायका वळून पाहू लागल्या. अनसूयेला वाटलं की आपण शिकलो ते खोटं होतं. देवळाच्या ओट्यावर पाटीवर जे वाचता येतं ते तेवढ्या ओट्यापुरतं असावं. अक्षरं उलटी आहेत हे तिला सुचलं नाही. जन्मभर सगळंच उलटं पाहिलेल्या माणसाला ते सुचू शकत नाही. घरी येईपर्यंत सासूने निकाल दिला होता. उद्यापासून वर्ग बंद. बाई फसवतात, सरकारातून पगार घेतात, आणि पोरींना घराबाहेर काढतात.

मालतीबाई मळ्यावर गेल्या. अनसूया वाफ्यात बसून कोथिंबीर खुडत होती. तिने मान वर केली नाही. मालतीबाईंनी पिशवीतून पातळ कागद काढला, त्यावर शाईने ठसठशीत तिचं नाव लिहिलं, आणि कागद उलटा करून सूर्यासमोर धरला.

"हे ओळख."

अनसूयेने आता मान वर करून पाहिलं. मग उठून उभी राहिली. "बाई, हेच होतं वं! अस्संच होतं तिथं!"

मालतीबाईंनी कागद फिरवला. तिने आपलं नाव वाचलं.

हे मला मालतीबाईंनी सांगितलं तेव्हा त्यांच्या बोटांना अजून शाई होती. मी विचारलं, मग प्रश्न सुटला? नाही, त्या म्हणाल्या. कासाबाईला कागद दाखवला, तर ती म्हणाली, तुमच्या हातचा कागद, तुमच्या हातची अक्षरं. तिथे वाचायला पाहिजे, त्याच कापडावर. मग म्हणीन खरी.

"म्हणजे पुढच्या बाजूने," मी म्हणालो.

"पुढच्या बाजूने," मालतीबाई म्हणाल्या. "बाजाराच्या दिवशी. तुम्ही या. या वेळी लिहायच्या आधी पाहा."

इथे थोडं थांबून दोन चित्रपटांची तुलना पुरी करतो, कारण पुरवणीला तीच हवी आहे. तलवारीचा चित्रपट मागून पाहिला तरी त्याचं काही बिघडत नव्हतं. हत्ती डावीकडून येत होता तो उजवीकडून आला, बादशहाने डाव्या हाताने तलवार उपसली, मुंडकी पडायची तिथे पडली. त्या तंबूत मागच्या बायका आणि पुढचे पुरुष एकच गोष्ट घेऊन घरी गेले. तो चित्रपट कुठूनही पाहावा असाच होता, आणि म्हणून तो सर्वांचा होता. समीक्षक याला लोकप्रियता म्हणतात आणि ते बरोबर आहे. चिठ्ठीचा चित्रपट एका निरक्षर बाईने वाचायला शिकण्याची गोष्ट होता, आणि तो नेमका बायकांच्या बाजूने वाचता येत नव्हता. मुंबईत तो करणाऱ्यांना हे सुचलं नसणार. तिथे बायका पडद्यासमोर खुर्च्यांवर बसत होत्या. चिखलीत मात्र त्या चित्रपटाचा शेवट कुणाला मिळेल हे तंबूच्या दारावर ठरत होतं.

बाजाराच्या दिवशी, दिवेलागणीला, मालतीबाई सात बायकांना घेऊन चिठ्ठीच्या तंबूच्या पुढच्या दाराशी आल्या. बायकांच्या हातात बसायला बारदानं होती. काहींच्या टोपल्यांत न विकलेली भाजी. हवेत थंडी, डिझेलचा वास, भाजलेल्या शेंगांचा वास. दारावर तंबूचे मालक बाबूशेठ स्वतः उभे होते. स्थूल, गळ्यात मफलर, बोलणं सौम्य.

"बाई, तुमचं दार मागे आहे."

"आम्हाला पुढची तिकिटं हवीत."

"पुढे बाप्ये बसतात. ही रीत आहे, मी काही नवी काढलेली नाही. उद्या कोणी तक्रार केली तर माझा तंबू उठेल."

मागे रांग वाढत होती. रांगेतून आवाज आला, "बाया आता मांडीवर बसतीन काय बे?" हशा पिकला.

मालतीबाई वळल्या. "कोण बोललं? समोर या. घरी ताट वाढतात त्या समोरूनच वाढतात ना? की भिंतीमागून?"

कोणी समोर आलं नाही. बाबूशेठनी माझ्याकडे पाहिलं. गावात मला वार्ताहर म्हणून ओळखत. मी वही उघडून उभा होतो. त्या वहीचा काही उपयोग झाला असेल तर एवढाच. त्यांनी आठ तिकिटं फाडली.

"कोपऱ्यात बसा. गडबड नको."

कासाबाईही आली होती, पण ती पुढे यायला तयार नव्हती. "म्या नाई येत बाप्यामाणसाइत. म्या माह्या जागी बसतो. तू वाच. मले कापडामांगून आयकू येते." ती तंबूला वळसा घालून आपल्या नेहमीच्या दाराने गेली.

चित्रपट सुरू झाला. पहिल्यांदा पुढून पाहणाऱ्या त्या सात बायकांकडे मी पाहत होतो, कारण चित्रपट मला पाठ होता. पहिल्या प्रसंगात सून तुळशीला हळद वाहते तेव्हा त्यांच्यातली एक दुसरीच्या दंडाला घट्ट धरून म्हणाली, "माय! उजवा हात!" मग सगळ्यांनी आपापले हात पाहिले. पुरुष त्यांच्याकडे वळून पाहत होते आणि थोड्या वेळाने वळायचे थांबले. पलीकडे घोडे दौडत होते.

पत्र आलं. पडदाभर अक्षरं. अनसूया उठून उभी राहिली. मागच्या कोणी "बस ना खाली" म्हटलं नाही. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, एकेक अक्षर जोडत, जसं देवळात वाचायची तसं.

"चि... रं... जी... व... सौ... भा... ग्य..."

जोडाक्षरावर ती अडली, ओलांडून गेली. तंबूत कुजबूज नव्हती. माणसं तिच्या गतीने वाचत होती. तिने दोन ओळी संपवल्या. तिसरीच्या मध्यावर "मी खुशाल" पर्यंत आली. आणि पत्र गेलं. सुनेचा चेहरा आला, ती रडली, आणि संपलं. पत्र पडद्यावर किती वेळ ठेवायचं हे शहरातल्या वाचणाऱ्यांसाठी ठरवलेलं होतं.

"थांबवा!" अनसूया यंत्राकडे वळून ओरडली. "राह्यलं माह्यं!"

यंत्रावरच्या माणसाने मान हलवली. "थांबवली तर फिलम जळते, बाई."

तंबूतले दिवे लागले. कोणीतरी सहानुभूतीने उरलेल्या ओळी तोंडपाठ म्हणून दाखवल्या. आणखी दोघा-तिघांनी सुरात सूर मिळवला. गावाला त्या ओळी आता माहीतच होत्या. त्यांना वाटलं आपण मदत करतोय. अनसूया मालतीबाईंकडे पाहत नव्हती.

कासाबाई तंबूला वळसा घालून पुढच्या दाराशी आली. या दाराशी ती पहिल्यांदाच येत होती. सून बाहेर येताच ती म्हणाली, "अर्धीच वाचली."

"मामीजी, ते गेलं ना पटकन."

"आन् अर्धी वाचली तेही काय? साऱ्या चिखलीले पाठ हाये ते. आता म्हनले ना त्या मानसाइनं, न वाचता. तूही पाठ करून आली असशीन." मग मालतीबाईंकडे, रागाने नव्हे, व्यवहार मिटवल्यासारखं, "झालं बाई. तुमी मेहनत केली. आता पोरीले घरी राहू द्या."

सासूचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पुराव्याची तिची अट मी शिकलेल्या कोणत्याही अटीपेक्षा कडक होती.

अनसूया दाराच्या खांबाशी उभी होती. खांबावर पेट्रोमॅक्सची बत्ती टांगलेली, आणि तिच्याखाली एक पत्र्याची पाटी, पांढऱ्यावर निळी. पुरुष रोज तिच्या खालून जात होते. मीही गेलो होतो, आणि ती वाचली नव्हती. बायका या दाराने कधी आल्याच नव्हत्या. अनसूयेने पाटीकडे पाहिलं आणि वाचायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं. पाटी हलत नव्हती, तिला घाई नव्हती.

"स्त्रि... यां... नी. स्त्रियांनी. प... ड... द्या... च्या. पडद्याच्या. मा... गी... ल. मागील. बा... जू... स. बाजूस. ब... सा... वे." तिने श्वास घेतला. "हु... क... मा... व... रू... न. हुकमावरून."

बाहेर पडणारे दोन-चार पुरुष थांबले. त्यांनीही वर पाहिलं.

कासाबाई पाटीकडे पाहत होती. "असं लिवलं हाये तिथं?"

"हाव, मामीजी."

"बायकाइनं मांगं बसावं?"

"हाव."

कासाबाईने बाबूशेठकडे पाहिलं. "कोनाच्या हुकमावरून?"

"मावशी, पाटी अशीच असते," बाबूशेठ म्हणाले. "सगळ्या तंबूत असते. आमच्या पेंटरला सांगितलं, तंबूची पाटी कर. त्याने केली."

"म्हंजे हुकूम पेंटरचा?"

बाबूशेठ हसले. कासाबाई हसली नाही.

"म्या पोरगी होती तवापासून मांगं बसतो," ती म्हणाली. "माह्या मायनं बसवलं. मले वाटे, देवानंच तसं केलं असन. कापूस पांढरा असते, तसं. आन् हे एका मानसानं डब्ब्यात ब्रश बुडवून लिवलं." ती सुनेकडे वळली. "पुन्हा वाच."

अनसूयेने पुन्हा वाचलं. या वेळी अडखळली नाही.

हे मी लिहून पाठवलं, पाटीवरच्या शब्दांसकट. आनंदाश्रूंची चूक मान्य केली. बातमी आली नाही. त्या जागी तलवारीच्या चित्रपटाची चौकट आली, गर्दीचे उच्चांक मोडल्याची. त्या आकड्यांत खोटं काही नव्हतं. पण त्या हंगामात जिंकला तो चिठ्ठीचा चित्रपट, हे मी तेव्हा लिहिलं होतं आणि आज पुन्हा लिहितो. तो चित्रपट पुरा पाहता यावा म्हणून माणसांना बसण्याची जागा बदलावी लागली. तलवारीच्या चित्रपटाने कुणालाही जागचं हलवलं नाही. या मोजपट्टीवर ज्यांचा आक्षेप असेल त्यांनी आपली काढावी. मी माझी बदलणार नाही.

त्या संध्याकाळी खांबाखाली बाबूशेठ मफलर सारखा करत म्हणाले, "मावशी, मग उद्या मागची किती तिकिटं देऊ?"

"मांगची नको. पुढची दोन दे. उद्याची."

"मावशी, पाटी आहे ना..."

"पाटी वाचली आमी. बसावं, असं लिवलंय. आमी नाई बसत."

बाबूशेठनी तिच्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, आणि तिकिटं फाडली. मालतीबाईंनी सायकल हाती घेतली होती. हँडलवर हात ठेवून त्यांनी हळू विचारलं, "कासाबाई, आणि वर्ग?"

कासाबाईने तिकिटं घडी करून कनवटीला खोचली.

"पाचले सुटते ना तुमचा वर्ग? मंग शिनिमा सातचा. तिचा वर्ग सुटल्यावरच येऊ."

ती निघाली. टोपली डोक्यावर, सून मागोमाग. दोन पावलं गेल्यावर तिने मागे न वळता सुनेला विचारलं, "आन् ते जिनच्या भिंतीवर एवढाल्या अक्षरात लिवलं हाये, ते काय हाये वं?"

"माहीत नाई, मामीजी. कधी वाचलं नाई."

"मंग चाल तिकून," कासाबाई म्हणाली, आणि घराची वाट सोडून जिनकडे वळली.